घरी जाऊन सेवा देणाऱ्या नर्सने साधी वेबसाइट कशी बनवावी

दवाखान्यातून सुट्टी होऊन म्हातारे वडील पाचोऱ्याला घरी येतात. लघवीची नळी तशीच असते, कमरेची जखम ओली असते आणि पुण्यातला मुलगा मोबाइलवर सिस्टर शोधत असतो. तुमची वेबसाइट त्याच्यासाठी आहे. तुम्ही काय करता, कुठवर येता आणि नंबर काय, एवढंच त्याला हवं असतं. एक पान पुरतं.

आधी मजकूर वहीत लिहून काढा, खरी मेहनत इथेच आहे. 'सर्व प्रकारची नर्सिंग सेवा' यातून काहीच कळत नाही. जखमेचं ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणं, नाकातल्या नळीतून आहार, बेडसोअरची काळजी, असं एकेक नावानिशी लिहा. इंजेक्शन आणि सलाइन डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच, हे त्याच ओळीत हवं. नाहीतर 'ताप आहे, एक सुई टोचून जा' असे फोन येत राहतात. तातडीच्या वेळी 108 ला फोन करा, हेही ठळक लिहा. शिक्षण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक द्या, पण प्रमाणपत्राचा फोटो टाकू नका. तो उचलून दुसरं कुणीही वापरू शकतं.

'संपूर्ण खान्देशात सेवा' लिहिण्याचा मोह टाळा. भुसावळची सिस्टर रोजच्या ड्रेसिंगला शहाद्याला जाऊ शकत नाही. जिथे खरंच जाता ती गावं लिहा: यावल, फैजपूर, वरणगाव. 'यावल ड्रेसिंग' असं शोधणाऱ्याला तुम्ही सापडण्याची शक्यताही त्यानेच वाढते.

आता कॉम्प्युटरवर बसा. जीमेल खातं असेल तर गूगल साइट्स फुकट आहे. कोरी साइट उघडा, वर नाव आणि गाव, त्याखाली सेवा, मग गावं. पत्रकाचा जुना मजकूर डीटीपीवाल्याकडून आणून चिकटवलात तर बहुतेक वेळा अगम्य अक्षरं उमटतात, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतो. सरळ नव्याने टाइप करा. व्हिजिटिंग कार्डाचा फोटोही नको, त्यातला नंबर दाबून फोन लागत नाही.

व्हॉट्सॲपचं बटण मात्र हवंच. लिंकमध्ये इंग्रजीत 'डब्ल्यूए डॉट मी', तिरकी रेघ (wa.me/), मग 91 आणि पुढे तुमच्या नंबरचे दहा आकडे. अधिकचं चिन्ह, नंबरच्या आधी शून्य किंवा मधे मोकळी जागा नको. बटण चालत नसेल तर आधी हेच तपासा.

फोटो दोनतीनच, प्रत्येकी 200 केबीच्या आत. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज कमी असली की जड पान उघडतच नाही. हातमोजे, ड्रेसिंगचा ट्रे चालेल. पेशंटचा चेहरा किंवा जखम कधीही नको. घरच्यांनी हौसेने पाठवली तरी नको, कारण अंथरुणावर पडलेल्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

पब्लिश करताना 'कोण पाहू शकतं' इथे सर्वांसाठी खुलं ठेवा. ही चूक सर्रास होते: तुमच्या फोनवर साइट दिसते, कारण तिथे तुमचंच खातं उघडं असतं, आणि बाकीच्यांना परवानगी मागितली जाते. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा आणि त्यांच्याकडूनच बटण दाबून घ्या.