हायवेवर माणसांसाठी क्रॉसिंग मागताय? मग या चुका टाळा

धुळे-सोलापूर हायवे चारपदरी झाला अन् आपल्याकडच्या कितीतरी गावांचे दोन तुकडे झाले, इकडं घरं तर पलीकडं शाळा. मग ग्रामसभेत ठराव होतो, गुत्तेदाराचा माणूस येतो, पांढरे पट्टे मारून जातो अन् सगळ्यांना वाटतं झालं काम. पहिली चूक हीच.

80 च्या स्पीडची गाडी सेकंदाला 22 मीटर येते. एका बाजूच्या दोन लेन म्हणजे 7 मीटर, चांगला चालणारा माणूस सेकंदाला 1.2 मीटर जातो, म्हणजे सहा सेकंद लागले, तेवढ्यात गाडी 130 मीटर पुढं आलेली असते. गुडघे धरलेल्या आजीचं काय मग? नुसते पट्टे बघून कुणी ब्रेक मारत नाही, उलट पट्ट्याच्या भरवशावर लेकरं बिनधास्त पाय टाकतात. आधी बरंच अलीकडून बोर्ड अन् रंबलर, म्हणजे गाडी थडथडवणाऱ्या बारीक उंचवट्याच्या पट्ट्या, लावून स्पीड खाली आणा. एकदम मोठा ब्रेकर टाकू नका, रात्री मोटारसायकलवाला उडतो.

स्पीड कमी होणारच नसेल तर भुयारी मार्गच पाहिजे, पण तो गावापासून अर्धा किलोमीटर दूर, अंधाराचा, पावसाळ्यात गुडघाभर पाण्याचा असला तर लोक डिव्हायडरची जाळी वाकवून तिथूनच जाणार. त्यांना शिव्या देऊ नका. जाळी जिथं वाकलीय ना, क्रॉसिंगची खरी जागा तीच.

डिव्हायडरमधली कण्हेर तर फार वाईट. मी शाळा सुटायच्या वेळी फाट्यावर उभा राहून बघितलंय, तिसरीतलं पोरगं झाडात पूर्ण झाकून जातं अन् ड्रायव्हरला दिसतं तेव्हा त्याचा पाय रस्त्यावर असतो. क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंची झाडं काढाच, अन् मधी दोन मीटर तरी रुंद जागा ठेवा, सायकल घेऊन थांबता आलं पाहिजे, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या.

एसटीचा थांबा क्रॉसिंगच्या पुढं असावा. अलीकडं असला तर उतरलेली माणसं बसच्या पुढून निघतात अन् ओव्हरटेक करणाऱ्याला दिसतच नाहीत. लाइटचा खांबही गाडी येते त्या बाजूला, थोडा अलीकडं पाहिजे, म्हणजे उजेड माणसाच्या अंगावर पडतो.

तक्रारीला राष्ट्रीय महामार्गाचा हेल्पलाइन नंबर 1033 आहे. अर्जात किलोमीटरच्या दगडाचा आकडा अन् वाकलेल्या जाळीचा फोटो टाका, म्हणजे जागा कुठली म्हणून अर्ज परत येत नाही.