कट्ट्यावर आणि काउंटरवर वाद घालताना या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरात माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं एकत्र आली की फ्रिजवरून, सरकारवरून, नाहीतर महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरून तोंड सुरू होतं. वादाचं मला वावडं नाही. बोलणारी माणसं मला आवडतात. पण वर्षानुवर्षं त्याच त्या चुका ऐकून कान किटलेत, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे प्रत्येक भांडण सीमाप्रश्नाला नेऊन बांधणं. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेची पहिली बिलं आली तेव्हाची गोष्ट. दोघे सख्खे भाऊ, गल्ली एक, घरं आणि मीटर वेगळे. थोरल्याचं बिल शून्य, धाकट्याला मात्र पैसे आलेले. धाकटा तावातावाने दुकानात आला. "दोनशे युनिट फ्री म्हणाले होते न्हवं? माझी एकशे अठरा झाली. मग बिल कसलं गा? मराठी नाव बघून काढलंय!" पाठोपाठ आलेला थोरला म्हणाला, "मग माझं आडनाव काय कानडी हाय व्हय?" एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वीज राहिली बाजूला, बापाच्या घराची वाटणी निघाली, आईच्या औषधाचे पैसे कोण देतं ते निघालं. गणपतीपर्यंत दोघांचं बोलणं बंद होतं.

शेवटी मी दोघांकडून बिलं मागवली आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. योजनेत सरसकट दोनशे युनिट माफ नव्हतीच. २०२२-२३ सालचा तुमचा महिन्याचा सरासरी वापर, अधिक त्याचे दहा टक्के, एवढी युनिट माफ. त्यापुढे २०० पर्यंत गेलात तर वरच्या युनिटचे पैसे भरायचे, आणि २०० ओलांडले तर अख्खं बिल भरायचं. धाकट्याची सरासरी ७० होती, म्हणून माफी ७७ युनिटची. वापरली ११८, भरायचे ४१ युनिटचे पैसे. थोरल्याची सरासरी १३०, माफी १४३, वापर त्याच्या आत. ज्याने आधी काटकसर केली त्याला माफी कमी, हा नियम मलाही पटत नाही. त्यावर भांडायचं तर जरूर भांडा, माझा आवाज तुमच्या आवाजात मिळवतो. पण त्यात मराठी-कानडी कुठेच नव्हतं.

हे मला फार लागतं. मराठीत कागदपत्रं मिळावीत ही आपली मागणी खरी आहे, पोरांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून घटनेत कलम ३५० अ आहे. अशा मागणीच्या शेजारी लाईट बिलाची खोटी तक्रार नेऊन ठेवली की समोरचा साहेब दोन्ही कागद एकदमच बाजूला सारतो. म्हणून माझ्या दुकानात नियम आहे: आधी बिल दाखवा, मग आवाज चढवा.

दुसरी चूक कॉलेजच्या पोरांची. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बघायचा आणि सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगावर बोलायला उभं राहायचं. एकजण परवा ठासून सांगत होता की आयोगाने ८६५ गावं महाराष्ट्राला दिली. अरे, ८६५ हा महाराष्ट्राचा दावा आहे. आयोग नेमला १९६६ मध्ये, अहवाल आला १९६७ मध्ये, आणि त्याने बेळगाव कर्नाटकातच ठेवावं असं म्हटलं. निपाणी आणि खानापूर तालुक्यातली गावं महाराष्ट्राला, तर जत, अक्कलकोटकडची कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस होती. महाराष्ट्राने ती नाकारली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. एवढं तरी पाठ असावं. समोरच्या कानडी मित्राला ते पाठ असतं, आणि आपला पोरगा पहिल्या वाक्यालाच आडवा होतो. ज्यांनी १९५६ पासून या प्रश्नासाठी तुरुंग भोगले, जीव दिले, त्यांच्या नावाने बोलायचं तर थोडं बसून वाचायला काय हरकत आहे? शॉर्टकट इथे चालत नाही.

तिसरी चूक, दोन सरकारांच्या योजनांची तुलना करताना हद्द विसरणं. "आमच्याकडे बायकांना बस फुकट, तुमच्याकडे अर्धं तिकीट" हा वाद निपाणी-कागल पट्ट्यात २०२३ पासून चाललाय. बायकांना फुकट बस देणारी शक्ती योजना कर्नाटकातल्या प्रवासाला, एसटीची पन्नास टक्के सवलत महाराष्ट्राच्या हद्दीतल्या. कोल्हापूरला जाणाऱ्या बाईला कुठली गाडी, कुठून कुठपर्यंत, हे आधी विचारा. मी पाहुण्यांना थेट कंडक्टरला विचारून बसायला सांगतो.

फ्रिजचे स्टार मोजून भांडू नका. स्टारचा तक्ता वेळोवेळी कडक होतो. जुलै २०२२ मध्ये एसीचा झाला आणि तोच फाईव्ह स्टार एसी फोर स्टारवर आला. त्यामुळे भावाचा जुना फाईव्ह स्टार आणि तुमचा नवा फोर स्टार यांत कोण भारी, हे स्टार सांगत नाहीत. लेबलवर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं, तो आकडा वाचा. आकारमान सारखं असेल तरच दोन आकडे शेजारी ठेवा. घाईचं गिऱ्हाईक मला म्हणतं, "मालक, एवढं कोण बघतंय, चांगला कुठला तेवढं सांगा." मी सांगत नाही. घरात माणसं किती, दार दिवसातून किती वेळा उघडतं, हे कळल्याशिवाय चांगला कुठला हे मला तरी कसं कळणार?

इलेक्ट्रिक स्कूटरचं किलोमीटर कंपनीच्या कागदावरून सांगू नका. दोघं बसून चोर्ला घाट चढलेल्याला विचारा.

मोबाईलच्या मेगापिक्सेलवरून वाद घालूच नका, दोन्ही फोनवर एकाच जागी संध्याकाळचा फोटो काढा आणि बघा.

पेपरचं कात्रण ग्रुपवर टाकण्याआधी त्यावरची तारीख बघा, आणि तारीख कापलेली असेल तर टाकू नका.