व्हिडिओ रेझ्युमे करायला बसण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये नोकरभरतीचं काम करते, त्यामुळे नव्या मुलामुलींचे अर्ज रोज हाताखालून जातात. हल्ली त्यांत व्हिडिओ रेझ्युमे, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलून स्वतःची ओळख करून देणारे छोटे व्हिडिओ, बरेच असतात आणि बहुतेकांना त्याची गरजच नसते.

सर्वात मोठी चूक हीच, की काम कोणतं आहे ते न बघताच मोबाइल समोर उभा करायचा. सेल्स, व्हॉइस प्रोसेस (कॉल सेंटरमध्ये फोनवर बोलण्याचं काम), फ्रंट ऑफिस, विमानतळावरचा ग्राउंड स्टाफ, अशा कामांत बोलणं हेच भांडवल, तिथे व्हिडिओ जरूर जोडा. अकाउंट्स, लॅब, डेटा एंट्रीला त्याने काडीचा फरक पडत नाही.

आणि जोडा म्हणजे जोडाच, रेझ्युमेच्या जागी नको. कळव्याचा एक मुलगा, बी.कॉम. झालेला, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं स्वतः भरणारा. महाप्याच्या एमआयडीसीत अकाउंट्स असिस्टंटची जागा निघाली. मित्राने डोक्यात भरवलं, म्हणून याने झकास व्हिडिओ केला आणि पीडीएफमध्ये नाव, नंबर आणि ‘सविस्तर माहिती व्हिडिओत’ एवढंच लिहिलं. शेकडो अर्ज आले की एचआर आधी टॅली, जीएसटी असे शब्द टाकून शोधते. सॉफ्टवेअर फाइलमधला मजकूर वाचतं, व्हिडिओत तुम्ही काय बोललात ते त्याला कळत नाही. याचं नाव यादीत आलंच नाही. मी फोन करून विचारलं, त्याच्याकडून साधा दोन पानी रेझ्युमे लिहून घेतला, तोवर जागा भरली होती. चांगल्या मुलाची संधी अशी गेली की जीव तुटतो. लिहायचा कंटाळा आला म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी चूक रोजची: लिंक उघडतच नाही. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही, म्हणून सगळे गूगल ड्राइव्हवर टाकतात आणि परवानगी बदलायला विसरतात. समोर ‘अ‍ॅक्सेस मागा’ असं येतं. दिवसभर अर्ज चाळणारं माणूस परवानगी मागत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतं. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ बघता येईल असं ठेवा. माझी सवय अशी, की लिंक आधी इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे ब्राउझरच्या लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडून बघायची. अपलोड केल्या केल्या पाठवायची घाईही नको. ड्राइव्हला व्हिडिओ तयार करायला वेळ लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहरा धुरकट होतो.

खिडकीकडे पाठ करून बसू नका. पंखा बंद करा. घर रुळांच्या कडेला असेल तर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बोला. चित्र थोडं कमी प्रतीचं असलं तरी चालेल, आवाज स्वच्छच हवा.

स्क्रीनवरचं वाचू नका, डोळे फिरताना दिसतात. पाठही करू नका. मी मुलांना चार मुद्दे कागदावर लिहायला लावते आणि कागद बाजूला ठेवून बोलायला सांगते. दीड मिनिटाच्या वर जाऊ नका. ‘मी मेहनती आहे’ म्हणण्यापेक्षा हातून झालेलं एक काम नीट सांगा.

जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार यातलं काही बोलू नका. चेहऱ्यावरून वय-रंग बघून मत बनवणारी माणसं असतात. याच भेदभावाच्या भीतीने अमेरिकेत काही कंपन्या व्हिडिओ रेझ्युमे घेतच नाहीत.

स्टुडिओचं पॅकेज, मागे संगीत, उडती अक्षरं यावर आईवडिलांचे पैसे घालवू नका. तेवढ्यात चांगला कोर्स होतो.

कंपनीने स्वतःहून व्हिडिओ मागितला तर मात्र टाळाटाळ नको. त्यांचे प्रश्न आणि वेळेची मर्यादा वाचा, तेवढंच उत्तर द्या. आधीचाच तयार व्हिडिओ तिथे चिकटवला तर लगेच कळतं आणि तो अर्ज बाजूला पडतो.