आधी गोल काढा, सूत्र नंतर

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. अकरावीच्या वर्गात न्यूटनचा तिसरा नियम, प्रत्येक क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया असते, फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवला, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला. "सर, बैल जेवढ्या जोरानं गाडी ओढतो तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढणार. मग गाडी जागची हलायलाच नको. आमची तर रोज ऊस घेऊन कारखान्यावर जाते."

मी म्हणालो, "पुढच्या तासाला बघू." उत्तर येत नसलेल्या मास्तराचं ते ठरलेलं वाक्य. त्या रात्री कागदावर बैल, गाडी, बाण असं काय काय काढत बसलो आणि पहाटे कधीतरी लक्षात आलं की मी सगळे बाण एकाच चित्रात काढतोय. घोळ तिथंच होता. तेव्हापासून मुलांना जी रीत शिकवत आलो ती इथं सांगतो. बारावीची, सीईटीची तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पेन्सिल घ्या आणि एकाच वस्तूभोवती गोल काढा. समजा गाडीभोवती. आता या गोलाला बाहेरून कोण कोण शिवतंय ते लिहा. जुवाकडून बैल पुढं ओढतोय. चाकाखालचा रस्ता मागं अडवतोय आणि खालून वर उचलूनही धरतोय. न शिवता ओढणारी एक पृथ्वी, ती खाली. संपलं. गाडी बैलाला मागं ओढते ते बल या चित्रात नाहीच, कारण ते बैलावर आहे. जागची हलताना बैलाची ओढ रस्त्याच्या अडवणुकीपेक्षा जास्त असते, म्हणून गाडीला त्वरण मिळतं, म्हणजे तिचा वेग बदलतो. पुढं ती एकसारख्या वेगानं चालायला लागली की दोन्ही बलं समान होतात. इथं दहापैकी आठ मुलं चुकतात. "चालतेय म्हणजे पुढचं बल जास्तच असणार," असं त्यांना वाटतं. जास्त बल लागतं ते वेग वाढवायला. आहे तो टिकवायला नाही.

आता दुसरा गोल, बैलाभोवती. गाडी त्याला मागं ओढतेय, मग तो पुढं कसा जातो? तो खुरांनी रस्ता मागं रेटतो आणि रस्ता त्याला पुढं ढकलतो. पटत नसेल तर पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी बघा. बैलाचा जोर तोच असतो, पण खूर घसरतात, रस्ता हवा तेवढा उलटा रेटा देत नाही.

क्रिया-प्रतिक्रियेची जोडी ओळखायला व्याकरण वापरा. बल पूर्ण वाक्यात लिहा आणि कर्ता-कर्माची अदलाबदल करा. "पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते" याची जोडी "पुस्तक पृथ्वीला वर ओढतं." टेबलाचा वरचा रेटा ही पुस्तकाच्या वजनाची प्रतिक्रिया असं कित्येकजण बिनदिक्कत लिहितात. ती दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, मग जोडी कशी होईल? ती समान आहेत ती पुस्तक स्थिर आहे म्हणून. टेबल लिफ्टमध्ये ठेवा आणि लिफ्ट वर निघू द्या, रेटा वजनापेक्षा वाढतो. तिसरा नियम मात्र लिफ्टमध्येही तसूभर हलत नाही.

सरळ वर फेकलेल्या चेंडूचा प्रश्न याच गोलानं सुटतो. अगदी वरच्या टोकाला त्वरण किती? "शून्य, कारण तिथं तो थांबतो." थांबतो खरा, पण त्या क्षणी गोलाला शिवणाऱ्यांत काही फरक पडला का? हवा सोडून द्या, पृथ्वी ओढतच आहे. टोकाच्या एक सेकंद आधी वेग वरच्या दिशेनं 9.8 मीटर प्रति सेकंद, टोकाला शून्य, एक सेकंदानंतर खालच्या दिशेनं 9.8. दर सेकंदाला बदल तेवढाच. टोकाला त्वरण खरंच शून्य होऊन तसंच राहिलं असतं, तर चेंडू तिथंच लटकला असता.

अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात, कारण तिथं गुरुत्वाकर्षण नाही, हीही अशीच लोककथा. स्थानक सुमारे 400 किलोमीटरवर आहे आणि तिथं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के आहे. अंतराळवीराभोवती गोल काढा. पृथ्वी ओढतेय, पण पायाला जमीन शिवत नाही, कारण स्थानकही त्याच्याबरोबर तसंच पडतंय. दर सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त आडवं जात असल्यामुळं ते पडत पडत पृथ्वीला वळसा घालतं. वजन म्हणून आपल्याला जाणवतो तो जमिनीचा रेटा, आणि तोच तिथं नाही.

एवढ्यानं निम्मी कोडी सुटतात. उरलेल्यांना दुसरा प्रश्न लागतो : हे बोलतंय कोण, कुठं उभं राहून?

खंबाटकी घाटात एसटी डावीकडं वळली की तुम्ही उजवीकडच्या माणसावर जाऊन आदळता. बसमधून बघाल तर कुणीतरी बाहेर ढकलल्यासारखं वाटतं. घाटात उभं राहून बघणाऱ्याला दिसतं की तुम्ही सरळच निघाला होता, बस तुमच्याखालून वळली. ढकलणारा कोण, असं विचारलं तर बसमधल्याला नाव सांगता येत नाही. बाहेर ढकलल्यासारखं वाटणारं हे अपकेंद्री बल बसमध्ये बसून गणित करायला सोयीचं आहे, जरूर वापरा. पण एकाच उदाहरणात घाटात आणि बसमध्ये दोन्हीकडं बसू नका.

आइनस्टाइनच्या सापेक्षतेत तर या प्रश्नावाचून पान हलत नाही. म्यूऑन हा कण वातावरणात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर तयार होतो. त्याचं सरासरी आयुष्य सेकंदाचे 2.2 दशलक्षांश. प्रकाशाच्या वेगानं धावला तरी तेवढ्या वेळात साधारण 660 मीटर जाईल. तरी जमिनीवर म्यूऑन भरपूर सापडतात, आत्ता तुमच्या तळहातातूनही जात असतील. वेग प्रकाशाच्या 99.8 टक्के धरा. जमिनीवरून बघणारा म्हणतो, त्याचं घड्याळ जवळजवळ सोळापट सावकाश चालतं, म्हणून तो दहा किलोमीटर पार करू शकतो. म्यूऑनच्या बाजूनं बघाल तर त्याचं घड्याळ ठीक आहे, पण समोरून येणारं दहा किलोमीटरचं वातावरण सुमारे 630 मीटरचं झालंय. मुलं काय करतात, घड्याळही सावकाश आणि अंतरही आखूड असं दोन्ही एकाच गणितात घालतात आणि उत्तर भलतंच येतं. एक बाजू धरा, शेवटपर्यंत तिथंच राहा. असे वेगवान कण सापेक्षतेचा पुरावा देतील हे 1938 साली होमी भाभांनी लिहून ठेवलं होतं, त्यांची टीआयएफआर ही संशोधन संस्था स्थापन व्हायच्या सात वर्षं आधी.

आता एक स्वतः करून बघा. जत्रेतून परतताना पावसामुळं एसटीच्या खिडक्या बंद आहेत. पोराच्या हातात गॅसचा फुगा, दोरा ताणून वर गेलेला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. सगळे पुढं झुकले. फुगा कुठं जाईल?

फुग्याभोवती गोल काढा. दोरा शिवतोय, आणि चहूबाजूंनी हवा शिवतेय. ती हवाही तुमच्यासारखीच पुढं झेपावते, त्यामुळं पुढच्या बाजूला तिचा दाब किंचित वाढतो. फुगा तिच्यापेक्षा हलका. तो मागच्या सीटवरच्या म्हातारीच्या तोंडावर जातो.