धोक्याची वायरिंग दिसली तर ग्राहकाला कसं सांगायचं

पंखा बसवायला बोलावलेलं असो की बेल दुरुस्त करायला, डीबीचं, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या पेटीचं, झाकण उघडल्यावर आत जे दिसलं ते घरच्यांना सांगायचंच. "मला फक्त पंख्याचं सांगितलं होतं" हे वायरमनच्या तोंडी शोभत नाही. भिंतीतली तार त्यांना दिसत नाही, आपल्याला दिसते. मी हाताखालच्या पोरांना हे पहिल्याच आठवड्यात सांगतो.

पण आधी खात्री करा. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं. अर्थिंगचं काहीच कळत नाही. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजा. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये सहसा थोडे तरी व्होल्ट दिसतात. तिथे ठाम शून्य आलं तर मला शंका येते. मग मेन बंद करून सॉकेट उघडायचा. न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेला वायरचा बोटभर तुकडा मारलेला अनेकदा सापडतो. गीझर व्यवस्थित चालतो, मीटरही फेज-अर्थला २३० दाखवतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. मागे कुठे न्यूट्रल सुटला की तेच २३० व्होल्ट गीझरच्या पत्र्यावर येतात.

असं काही दिसलं तर "बघून घ्या कधीतरी" म्हणून निघायचं नाही. मी सरळ सांगतो, "काका, हा सॉकेट मी आत्ता बंद करतोय. दुरुस्त होईपर्यंत गीझर लावू नका." उघडी फेज, ओल आलेल्या भिंतीतला जॉइंट, काळा पडलेला सॉकेट, दीड स्क्वेअर एमएमच्या बारीक तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), हे सगळं याच खात्यातलं. जुन्या पद्धतीची पण सुकी, घट्ट, मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) चांगली येणारी वायरिंग मात्र या खात्यात टाकू नका. जुनं आहे म्हणून धोक्याचं आहे, असं सांगून काम काढणारे लोक आहेत. त्यांच्यामुळे खरा इशाराही लोकांना धंद्याची युक्ती वाटतो.

समजावताना मोठे शब्द नकोत, वस्तू दाखवा. सगळ्यात जास्त प्रश्न येतो तो लूज जॉइंटचा: "एमसीबी आहे ना, मग कशाला घाबरायचं?" इथे घाई करू नका. ३००० वॅटच्या गीझरला साधारण १३ अँपिअर लागतात. जॉइंट ढिला होऊन तिथे ०.२ ओहम रोध आला, तर त्या एका जागी सुमारे ३४ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे प्लास्टिकच्या डब्यात चालू सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखंच! करंट तर वाढलेलाच नाही, मग एमसीबी पडणार कसा? करंट गळतही नाही, त्यामुळे करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीसुद्धा गप्प राहते. मेन बंद करून तो तपकिरी झालेला स्क्रू आणि कडक होऊन तडकलेलं इन्सुलेशन माणसाच्या डोळ्यांसमोर धरा. पुढे फारसं बोलावं लागत नाही.

तोंडी सांगितलेलं राहत नाही, म्हणून लिहून द्या. बिलावरच चार ओळी पुरतात: कुठे, काय दिसलं, मीटरवर किती आलं, मी काय बंद केलं, काय करावं लागेल. तारीख घाला, फोटो काढून त्यांना पाठवा, सही घ्या. बंद केलेल्या एमसीबीवर "चालू करू नये" अशी चिठ्ठी चिकटवा, नाहीतर संध्याकाळी घरी आलेला मुलगा तो वर करणार. घर भाड्याचं असेल तर मालकाला कळवाच, पण आत राहणाऱ्यांना आधी. अंघोळ त्यांना करायची आहे.

"राहू दे, इतकी वर्षं चाललंय" असं म्हणणारे भेटतात. वाद घालू नका, पण त्या सर्किटवर नवा लोडही जोडून देऊ नका. एसीचा पॉइंट तिथूनच काढून हवा असेल तर नाही म्हणा, काम गेलं तरी चालेल. दुसऱ्याचं घर जबरदस्तीने अंधारात ठेवायचा हक्क आपल्याला नाही. पण लगेच जीव जाईल अशी स्थिती असेल तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगा आणि वीज कंपनीला कळवा.

आधीच्या वायरमनला नावं ठेवू नका. त्याने काय परिस्थितीत केलं ते आपण पाहिलेलं नाही. आणि ग्राहक म्हणाला की दुसऱ्या कुणाला दाखवतो, तर वाईट वाटून घेऊ नका. मोजलेले आकडे असलेला तुमचा कागद त्या दुसऱ्या माणसालाही दाखवा म्हणावं.