उत्खननातील प्राण्यांची हाडे ओळखताना या चुका टाळा

दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननात खापरांबरोबरच प्राण्यांची हाडेही मुबलक मिळतात, आणि नव्याने या कामात आलेल्यांकडून त्यांच्याबाबतीत दर हंगामात त्याच त्या चुका होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे शेळीएवढ्या आकाराच्या प्रत्येक हाडाच्या पिशवीवर ‘शेळी’ अशी चिठ्ठी लावून मोकळे होणे. शेळी आणि मेंढी यांचे सांगाडे इतके सारखे असतात की, प्राण्यांच्या हाडांचे जर्मन अभ्यासक योआखिम बॉसनेक यांनी १९६९ मध्ये मांडलेली भेदलक्षणेही काही ठरावीक हाडांवरच, आणि तीसुद्धा हाडांची टोके शाबूत असतील तरच, भरवशाने पाहता येतात. आपल्या प्रदेशात तर काळवीट आणि चिंकारा यांचीही त्यात भर पडते. एका उत्खननात अशाच चिठ्ठ्यांच्या आधारे ‘येथील लोक शिकार करीत नसत’ असे विधान अहवालाच्या मसुद्यात उतरले होते. प्रयोगशाळेत त्या पिशव्या पुन्हा टेबलावर ओतल्या, तेव्हा पायाच्या नळ्यांपैकी काही शेळीच्या मानाने फारच लांब व सडपातळ निघाल्या आणि तळाशी पीळदार शिंगाच्या आतील हाडाच्या गाभ्याचा तुकडा मिळाला. तो निःसंशय काळविटाचा होता. अहवालातील ते सबंध प्रकरण नव्याने लिहावे लागले.

हा केवळ नावाचा घोळ नव्हे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत इ. स. पूर्व १००० नंतर शेती खालावली आणि शेळ्यामेंढ्या पाळण्यावर व शिकारीवर भिस्त वाढली, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकर यांनी केली. पाळीव आणि रानटी प्राण्यांची हाडे एकाच पिशवीत गेली, तर अशा मांडणीची तपासणीच अशक्य होते. म्हणून मी प्रत्येक तुकडा तुलनेसाठी जतन केलेल्या सांगाड्याशेजारी ठेवून पाहते आणि खात्री नसेल तिथे ‘शेळी किंवा मेंढी’, तेही ठरत नसेल तर ‘मध्यम आकाराचा रवंथ करणारा प्राणी’ असे लिहिते. या नोंदीत कमीपणा मुळीच नाही. फोनवर छायाचित्र पाठवून लगेच नाव मागण्याची घाई मात्र मला अजिबात मान्य नाही.

दुसरी चूक हाडे धुताना होते. तारेच्या ब्रशने घासलेल्या किंवा खुरपी लागलेल्या हाडावर ओरखडे उमटतात आणि पुढे कोणीतरी त्यांनाच खाटकाच्या सुरीच्या खुणा ठरवतो. ताजा ओरखडा आतून फिकट दिसतो, तर जुन्या खुणेचा रंग भोवतालच्या हाडासारखाच असतो. साळिंदराच्या दातांचे रुंद समांतर चर आणि झाडांच्या मुळांनी कोरलेल्या नागमोडी रेषाही अशाच फसव्या असतात. मऊ ब्रश, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एका बाजूने पडणारा तिरपा प्रकाश एवढ्यावर माझे प्राथमिक काम भागते.

काळे हाड भाजलेलेच असते असे नाही; मातीतील मँगनीजमुळेही ते काळे पडते.

माती बारीक चाळणीतून न काढता ‘येथे मासे खात नसत’ असे लिहू नये, कारण माशांचे मणके हाताने वेचताना निसटतात.

तुकड्यांची संख्या म्हणजे जनावरांची संख्या नव्हे. बैलाच्या एकाच मांडीच्या हाडाचे अनेक तुकडे होऊ शकतात, म्हणून किमान किती जनावरे होती हे काढताना एकाच बाजूच्या हाडाचा तोच भाग किती वेळा आला आहे ते मोजावे आणि तुकड्यांचा आकडाही त्याच्याशेजारी द्यावा.