टर्मिनलमध्ये अक्षरांचा सिनेमा: टेलनेटवर अ‍ॅनिमेशन कसे पाहावे

टेलनेट हा इंटरनेटवरच्या सर्वांत जुन्या प्रोटोकॉलपैकी (संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांपैकी) एक. त्याची सुरुवात 1969 सालची आणि आज चालते ते प्रमाणरूप 1983 सालचे. दूरच्या संगणकावर लॉगिन करायला तो बनवला होता. त्या कामासाठी आता एसएसएच हा मजकूर गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल आहे, पण टेलनेटवर अजून एक गंमत चालते. न्यूझीलंडच्या सायमन जॅन्सन यांनी 1997 पासून ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा निव्वळ टिंबे, रेघा, कंस अशा चिन्हांत उतरवायला घेतला. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पाहता येतो.

आधी टेलनेट हाताशी हवे. विंडोजमध्ये ते व्हिस्टापासून बंदच असते. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, ‘ऑप्शनलफीचर्स’ हा शब्द रोमन अक्षरांत सलग टाइप करून एंटर करा, उघडलेल्या यादीत ‘टेलनेट क्लायंट’समोर टिक करा आणि ओके म्हणा. हे न करता कमांड दिली, तर अशी कमांडच ओळखीची नाही, असे उत्तर मिळते. मॅकमधून अ‍ॅपलने हाय सिएरा आवृत्तीपासून टेलनेट काढून टाकले. तिथे होमब्रू या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाने ते बसवावे लागते. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रकारांवर टर्मिनलमध्ये रोमन लिपीत ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टेलनेट’ लिहिणे पुरेसे.

आता कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा. ‘टेलनेट’ लिहा, एक स्पेस सोडा आणि पुढे पत्ता द्या: टॉवेल डॉट ब्लिंकनलाइट्स डॉट एनएल. सगळे रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत. बहुतेक जण मधल्या शब्दात चुकतात. तिथे ‘ब्लिंकिंग’ नाही. ब्लिंक, मग ई-एन, मग लाइट्स, सगळे जोडून. पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक, लिहायची गरज नाही, टेलनेट आपणहून 23 धरते. पुटी हा जोडणीचा प्रोग्राम वापरत असाल तर कनेक्शनचा प्रकार बदलून टेलनेट करा. तो एसएसएचवर आणि पोर्ट 22 वर राहिला तर पडद्यावर काहीच येणार नाही.

जोडणी झाली की चित्र आपोआप सुरू होते. इथे व्हिडिओ अजिबात नसतो. सर्व्हर एका चित्राची अक्षरे पाठवतो, क्षणभर थांबतो, मग कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात नेण्याचा संकेत देतो आणि पुढचे चित्र त्याच जागी लिहितो. जॅन्सन यांची प्रत्येक फ्रेम 67 अक्षरे रुंद आणि 13 ओळी उंच आहे, आणि सेकंदाला साधारण 15 फ्रेम या वेगाला बेतलेली. तुमचा संगणक फक्त आलेली अक्षरे छापतो. चित्र का बिघडते, हेही त्यातूनच कळते. खिडकी 80 रकाने आणि 24 ओळींपेक्षा लहान असेल तर ओळी मोडून खाली येतात आणि माणसांची डोकी धडापासून सुटतात. फॉन्टमध्ये आय आणि डब्ल्यू सारख्याच रुंदीचे नसतील तर सगळे तिरपे दिसते. नेट अडखळले की दोन-तीन चित्रे एकदम धावून जातात. मागे नेण्याची सोय नाही. तोडून पुन्हा जोडायचे. सिनेमाही अर्धाच उतरला आहे, तेव्हा शेवटाची वाट पाहू नका.

जोडणीच झाली नाही तर पहिला संशय पोर्ट 23 वर घ्या. ऑफिस, कॉलेज आणि काही इंटरनेट कंपन्या ते बंद ठेवतात, आणि त्यांचेही चुकत नाही: 2016 मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) याच दारातून, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. दुसऱ्या जोडणीवरून, उदाहरणार्थ मोबाइल हॉटस्पॉटवरून, पाहा. तरीही नाही झाले तर सर्व्हरच बंद असू शकतो. मग ‘टेलनेट’पुढे टेलिहॅक या दुसऱ्या साइटचा टेलिहॅक डॉट कॉम हा पत्ता द्या, आणि तिथल्या टिंबाच्या प्रॉम्प्टवर ‘स्टारवॉर्स’ हा शब्द रोमनमध्ये जोडून लिहा. तेच चित्र दिसेल. टेलिहॅक साध्या ब्राउझरमध्येही उघडते, त्यामुळे पोर्ट 23 अडवले असले तरी ती वाट राहते.

बाहेर पडताना कंट्रोल-सी दाबून बहुधा काही होत नाही, कारण ती कळ पलीकडच्या सर्व्हरकडे जाते. कंट्रोल धरून उजवा चौकटी कंस दाबा. टेलनेटचा स्वतःचा प्रॉम्प्ट येतो, तिथे ‘क्विट’ लिहून एंटर करा. नंतर लिनक्सवर कर्सर गायब किंवा अक्षरे विचित्र दिसली, तर ‘रीसेट’ टाइप करा.

टेलनेटवर सगळा मजकूर उघडा जातो, वाटेतला कोणीही वाचू शकतो. सिनेमा पाहायला हरकत नाही, पण कुठल्याही सर्व्हरने पासवर्ड मागितला तर खरा पासवर्ड तिथे देऊ नका.